विहीर पूर्ण दिसत नाही

मंगळवारी दुपारी मी पहिला फोटो ब्लॉगवर चढवला आणि बुधवारी सकाळी त्यातली विहीर आमच्या दिवाणखान्यात होती. टीव्हीच्या डाव्या बाजूला, शोकेसला लागून. चौकोनी, काळ्या दगडाची, एका अंगाने खाली उतरणाऱ्या चौदा पायऱ्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. विहिरीचा तळ खालच्या आंबेकरांच्या घरात उतरलाय का, हे बघायला मी जिना उतरून गेलो. त्यांच्याकडे काही नव्हतं, नुसता पंखा फिरत होता.

परत आलो तेव्हा कुमुद, माझी बायको, पदर खोचून काठावर उभी होती.

"पाणी गोडं आहे का बघितलंत?"

"फोटोत कळत नव्हतं."

तिने तांब्या बुडवला, चूळ भरली आणि परत आत टाकली. "मचूळ आहे. कपड्यांना चालेल."

मी एकतीस वर्षं जमिनी मोजल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूला सरकारी टेप घेऊन हिंडलो. जमीन मोजताना विहिरी लागतात आणि मला विहिरी आवडतात. प्रत्येकीचा फोटो काढत गेलो, आधी रोलच्या कॅमेऱ्याने, नंतर मोबाइलने. निवृत्त झाल्यावर ते सगळे, म्हणजे चारशे बारा, मी सोशल मीडियावर टाकले. लोक अंगठे दाखवत, बदाम पाठवत. मी सुखात होतो. मग एका सकाळी माझ्या चुलतभावाने मला माझीच विहीर पाठवली. तिच्यावर टपोरा गुलाब चिकटवला होता आणि पिवळ्या अक्षरांत 'शुभ सकाळ' लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, ही कुठली विहीर रे? तो म्हणाला, यात विहीर कुठे आहे?

माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी ठरवलं, आपली चित्रं आपल्या घरी. 'पाणवठा' नावाचा ब्लॉग काढला.

ब्लॉगवर चित्र दाखवायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे चित्र तिकडेच, सोशल मीडियावरच, राहू द्यायचं आणि आपल्याकडे नुसती चौकट लावायची. चौकटीतून तिकडचं चित्र दिसत राहतं. दुसरी म्हणजे चित्र तिकडून उतरवून आपल्या जागेत आणून ठेवायचं. वाचणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. मी दुसरी तऱ्हा धरली, कारण उसनी चौकट मला आवडत नाही. शिवाय प्रत्येक चित्रामागे एक ओळ लिहायची असते. एखाद्या वेळी चित्र उमटलं नाही तर त्याच्या जागी ती ओळ दिसते, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन तीच ओळ वाचून दाखवतो. मी ती पंचनाम्यासारखी लिहीत असे. 'विहीर, दगडी, चौकोनी, बाजू बावीस फूट, पायऱ्या चौदा, पैकी दोन भग्न, पूर्वेस कडुनिंब.' विहिरींचं मी व्यवस्थित लिहिलं. माणसं असतील तिथे फार खोलात गेलो नाही.

रोज पाच-सहा चित्रं चढवायची हा नेम झाला. रोज पाच-सहा विहिरी घरी येऊ लागल्या. त्या दाटीवाटीने आल्या नाहीत, घरानेच जागा करून दिली. दिवाणखाना चौदा फुटांचा होता. गुरुवारी मला तो लांब वाटला म्हणून मी शंभर फुटी टेप काढली. शून्याचं टोक कुमुदच्या हातात दिलं. ती भिंतीशी गेली, टोक भिंतीला लावलं आणि टेपला दोन झटके दिले. दोन झटके म्हणजे मी जागेवर आहे, वाचा.

"एकोणीस फूट चार इंच," मी वाचलं.

"एकोणीस फूट चार इंच," ती भिंतीकडून म्हणाली, तेव्हा मी लिहिलं. वाचणाऱ्याने आकडा म्हणायचा, पलीकडच्याने तो परत म्हणायचा आणि मगच कागदावर घ्यायचा, ही आमची कामाची रीत. एकट्याने म्हटलेला आकडा आम्ही लिहीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी टेप धरणारा माणूस आजारी पडला, तेव्हा कुमुद माझ्याबरोबर आठवडाभर शेतातून फिरली होती. ही रीत तिला तेव्हापासून पाठ आहे.

अठ्ठावन्न नंबरच्या फोटोबरोबर तातोबा आले. फोटोत ते रहाट ओढत होते, घरीही तेच करत राहिले. समोरून ते चांगले भरदार होते. पाठमोरे झाले की मात्र पांढरे दिसत आणि पाठीवर तारीख छापलेली असे. कुमुदने त्यांना चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"सायेब, तुमी मला म्हातारा मानूस लिव्हलंय."

"वृद्ध इसम लिहिलंय," मी म्हणालो.

"त्येच की. नाव लिव्हायला काय झालं हुतं?"

"तुमचं नाव मला माहीत नव्हतं."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं," तातोबा म्हणाले आणि परत रहाटाकडे गेले. कुमुदने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिला असल्या वेळी फार मजा येते.

चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जे ब्लॉगवर नाही ते घरातून कमी होतंय. आधी शोकेस गेलं, मग फ्रीज, मग आमच्या लग्नाचा अल्बम. गॅसची शेगडी गेली, पण एकशे चाळीस नंबरच्या विहिरीशेजारी तीन दगडांची चूल होती, तिच्यावर कुमुद भाकरी भाजू लागली. टेप राहिली, कारण एका फोटोत मी ती काठावर आडवी टाकलेली होती. संगणकाला काही झालं नाही, ब्लॉग त्याच्यातच होता. मी सावधगिरी म्हणून 'लेखकाविषयी' या पानावर माझा पासपोर्ट फोटो चढवला. तो छातीपर्यंतच होता, त्यामुळे कमरेखाली मला तेव्हापासून जरा बधिर वाटतं. बाहेरचं दार उघडलं की आता जिना लागत नसे, पुन्हा दिवाणखानाच लागे आणि त्यात ती पहिली विहीर.

कुमुदचा फोटो चारशे बारांमध्ये एकच होता, नंबर सदतीस, आणि तो चढवायचा राहिला होता. त्याच आठवड्यातला, मी मोजणीला नेलं होतं तेव्हाचा. बारवेच्या वरून तिसऱ्या पायरीवर ती बसली होती आणि हसत होती.

"तो तेवढा इकडे आणू नका," ती म्हणाली.

"का?"

"तिथे मला चारशे बावीस बदाम आहेत. इथे कोण येतंय बघायला? तातोबा?"

"इथे नसलीस तर शोकेससारखी जाशील."

"मग चौकट लावा की. मी तिकडे बसते, इकडून दिसते."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी सदतीस नंबरला चौकट लावली. चित्र तिकडचं राहिलं, चौकट आमची. मागे नियमाप्रमाणे एक ओळ लिहिली आणि पुढच्या विहिरीकडे वळलो. चौकट लागल्यावर कुमुद घरात ठणठणीत राहिली, तेव्हा मी ते विसरूनही गेलो. ही चूक माझी. ती कुणावर ढकलण्यासारखी नाही.

चारशे बारावी विहीर चढली त्या सकाळी चुलतभावाचा निरोप आला. या वेळी त्याने सदतीस नंबर पाठवला होता. कुमुदच्या डोक्यावर गुलाब होता, पायाशी दोन कबुतरं होती आणि पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुखी संसाराची सात सूत्रं'. मी ती सात सूत्रं वाचलीसुद्धा नाहीत. ब्लॉगवरचा आकडा बघितला, चारशे बारा होता. म्हणजे सगळं घरी आलंय. तिकडचं अकाउंट बंद करण्याचं बटण दाबलं. त्यांनी विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तीस दिवसांत सगळं कायमचं जाईल, असं त्यांनी कळवलं. जाऊ दे, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद चहा घेऊन आली ती कपाळाकडून आली. आधी भांग दिसला, मग कुंकू, मग भुवया, अशी ती वरून खाली उतरत गेली. कपबशी धरलेले हात यायला मोजून चार मिनिटं लागली.

"आज उशीर झाला," मी म्हणालो.

"लाकूड ओलं होतं," ती म्हणाली. चहा कोमट होता.

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. पण रोज ती सावकाश उतरू लागली. दहाव्या दिवशी ती कमरेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. खाली नुसती करडी फरशी. "पाय येतील मागून, तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. पंधराव्या दिवशी ती हनुवटीपर्यंत होती आणि माझ्याशी बोलताना हात हलवत होती की नाही, ते मला कळत नव्हतं. तेव्हा मी ब्लॉग उघडला, सदतीस नंबर काढला आणि मागे काय जोडलंय ते बघितलं. तिथे चित्र नव्हतं, तिकडचा पत्ता होता. मी तिकडे जायचा प्रयत्न केला. असं कोणतंही अकाउंट नाही, असं त्यांनी मला माझ्याच नावाने सांगितलं. चुलतभावाकडचा तो गुलाबाचा फोटो मागवला. त्यात आता गुलाब, कबुतरं आणि सात सूत्रं होती, मध्ये पांढरं होतं.

बाविसाव्या दिवशी ती अजिबात उमटली नाही. स्वयंपाकघराच्या दारात एक करडा चौकोन उभा होता, कोपऱ्यात दुमडलेल्या कागदाची छोटी खूण. चौकोनाच्या आत माझी ओळ होती.

'पायरीवर बाई. विहीर पूर्ण दिसत नाही.'

चूल पेटलेली होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"हे मी वाचलं," चौकोनातून कुमुद म्हणाली.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"चौतीस वर्षांत एवढंच?"

"घाईत लिहिलं होतं गं."

"भग्न पायऱ्या मोजल्यात. कडुनिंब कुठल्या दिशेला ते लिहिलंत."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तातोबा रहाट सोडून उभे राहिले आणि त्यांनी आपली पांढरी पाठ आमच्याकडे केली, म्हणजे त्यांना ऐकू येत नाहीये असं आम्हाला वाटावं.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिल्या विहिरीच्या पायऱ्या चढून एक गृहस्थ वर आले. हातात फाइल, इस्त्रीचा शर्ट, बूट कोरडे. तिकडच्या कार्यालयातून आलोय म्हणाले, नाव नेसरीकर. मी त्यांना पाटावर बसवलं.

"उद्या संध्याकाळी सहाला तुमचं तिकडचं संपतंय," ते म्हणाले. "त्यापूर्वी पाहणी करायची पद्धत आहे."

"एक चित्र तिकडे राहिलंय. ते परत मिळेल का?"

"अकाउंट कोणाचं?"

"माझं."

त्यांनी फाइल चाळली. "तुमचं अकाउंट नाही."

"बंद केलंय ना मी."

"म्हणजे नाही." ते सौजन्याने बोलत होते. चौकोनापाशी जाऊन त्यांनी माझी ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "चित्र जाईल. ओळ तुमच्याकडची आहे, ती राहते. उद्या सहापर्यंत ती तुम्हाला बदलता येईल. त्यानंतर जी असेल ती. या बाईंचं मग तेवढंच."

"तेवढंच म्हणजे?"

"ओळीत जे आहे तेवढंच," नेसरीकर म्हणाले. जाताना त्यांनी चौकोनाला नमस्कार केला. चौकोन म्हणाला, "चहा घेऊन गेला असता." ते पायऱ्या उतरून पाण्यात गेले आणि पाणी हललं नाही.

मी संगणक स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवला. जुनी ओळ खोडली. लिहिलं, 'पायरीवर कुमुद'. लगेच चौकोनातून जोडव्यांचा आवाज आला, दगडावर वाजावा तसा. मला हुरूप आला. मी लिहिलं, 'हिरवी साडी'. दारात हिरवी साडी उभी राहिली. निऱ्या नीट, पदर खांद्याच्या उंचीवर, आत कोणी नाही. चौकोन मात्र दहा फूट मागे सरकला आणि त्याच्यासाठी स्वयंपाकघर दहा फुटांनी वाढलं.

"ती माझी नाही," लांबून कुमुद म्हणाली.

"मग कुठली होती?"

"बघून लिहा."

"बघायला काय आहे?"

"मग आठवून लिहा."

मला त्या बारवेची खोली इंचात माहीत होती. बायकोच्या गालावरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, ते माहीत नव्हतं. डावीकडे लिहिलं, ती वीस फूट मागे गेली. उजवीकडे केलं, ती परत आली नाही, फक्त सरकायची थांबली. केस लांब लिहिले. बांगड्या काचेच्या लिहिल्या. कुठे काही बरोबर आलं की कसला तरी आवाज येई, चूक झाली की घर लांबे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारापासून चौकोनापर्यंत एक बोळ तयार झाला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कोणाच्याच नसलेल्या साड्या उभ्या होत्या.

मी टेप काढली. मीच ती बोळात नेली असती, पण पासपोर्ट फोटोत नसलेले माझे पाय दारापुढे पडेनात. म्हणून शून्याचं टोक तातोबांच्या हातात दिलं.

"त्यांना द्या," मी म्हणालो.

"वैनींस्नी का?"

"हो."

"आता तरी नाव लिव्हलंय न्हवं?"

"लिहिलंय."

तातोबा गेले. टेप सुटत राहिली, चाळीस, साठ, ऐंशी. बऱ्याच वेळाने ते हात हलवत परत आले. दिलं म्हणाले. टेपचं पलीकडचं वजन मला बोटांना कळत होतं, धरणारी व्यक्ती उभी राहून कंटाळली की हात जरा खाली येतो तेवढं.

साडेपाच वाजले होते. डाव्या हातात टेप, उजव्या हाताने एक-एक अक्षर. मी साडी खोडली, तीळ खोडला, बांगड्या खोडल्या. उरलं 'पायरीवर कुमुद'. त्यापुढे लिहिलं, 'हसते आहे'. बोळाच्या टोकाकडून तिचं हसणं आलं, तरुणपणचं, नाकातून सुरू होणारं. ते मी चौतीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेन. पण ती तेव्हा कशाला हसत होती? तिथे आम्ही दोघंच होतो. मी कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरत होतो, कारण मला सगळी विहीर हवी होती आणि ती नेमकी मध्ये बसली होती. मी म्हणालो होतो, बाजूला हो, विहीर दिसत नाही.

ती हलली नव्हती. पाय पाण्याच्या दिशेने सोडून बसली होती आणि काहीतरी म्हणाली होती. ते मला आठवेना. साडी आठवली नाही याचं मला काही वाटलं नव्हतं, पण हे आठवेना तेव्हा मी घाबरलो. मी टेप घट्ट धरली. बोळ पुन्हा ताणू लागला. नव्वद. त्र्याण्णव. अठ्ठ्याण्णव. टेप शंभराचीच आहे, त्यापुढे नुसती पितळी कडी. ती माझ्या तळहातात रुतली. सहाला सात मिनिटं होती, मग पाच. तातोबा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि त्यांनीही टेपला हात लावला.

मग टेपच्या ताणातून ते माझ्या बोटांत आलं. मी लिहिलं, 'ती म्हणाली, आधी मला काढा की. विहीर उद्याही इथेच असेल.'

बोळ लांबायचा थांबला. साड्या एकेक करून जमिनीवर उतरल्या. लांब, करड्याच्या आत, पायरीसारखं काहीतरी काळं दिसू लागलं. कोणी त्यावर बसलंय की नाही, ते इथून सांगता येत नव्हतं. सहाला एक मिनिट होतं.

टेपला दोन झटके बसले.

मी आकड्यावर वाकलो आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचला. "अठ्ठ्याण्णव फूट चार इंच."

मग पेन कागदावर टेकवून थांबलो.